भटकी शिळा

कॅनडा देशाच्या अल्बर्टा प्रांतात ओकोटोक्स नावाचे गाव आहे. गावाच्या पश्चिमेस सुमारे ७ किलोमीटर गेले, म्हणजे सपाट गवताळ माळावर एक प्रचंड शिळा एकाकी उभी दिसते. तिची लांबी सुमारे ४१ मीटर, रुंदी १८ मीटर व उंची ९ मीटर आहे. वजन सुमारे १६,५०० टन! ‘ओकोटोक्स’ हे नावही ब्लॅकफूट लोकांच्या भाषेतील ‘खडक’ या अर्थाच्या शब्दावरूनच पडले आहे.

शिळेजवळ डोंगर नाही, कडा नाही. मग ती येथे आली कोठून? तिचा दगडच याचे उत्तर देतो. ती क्वार्टझाइट नावाच्या कठीण खडकाची आहे. तसा खडक या माळाखाली नाही. तो दूर वायव्येस, रॉकी पर्वतातील जॅस्परच्या परिसरात सापडतो. शेवटच्या हिमयुगात तेथे दरड कोसळली आणि तिचे खडक हिमनदीच्या पाठीवर पडले. नदीच्या पाण्यात दगड एकमेकांवर आपटून गुळगुळीत होतात. ही शिळा मात्र बर्फावरून वाहत आली, म्हणून तिचे कंगोरे शाबूत राहिले. पूर्वेकडून आलेल्या अफाट हिमस्तराने वाट अडविल्यामुळे ती हिमनदी दक्षिणेकडे वळली. पुढे हवामान उबदार झाले, बर्फ वितळले आणि शिळा माळावर उरली. तिच्यासारख्या शिळांची शेकडो किलोमीटर लांबीची रांग आजही त्या हिमनदीचा मार्ग दाखविते.

शिळा दुभंगलेली आहे. याविषयी ब्लॅकफूट लोक एक कथा सांगतात. नापीने आपले पांघरूण या शिळेला दान दिले. पण पाऊस येताच ते परत घेतले. रागावलेली शिळा गडगडत त्याच्या पाठीस लागली. तेव्हा वटवाघळांनी धडका देऊन तिचे दोन तुकडे केले!

अशी शिळा पाहून गिर्यारोहकाचे हात शिवशिवले, तर नवल नाही. परंतु तिच्या अंगावर लाल गेरूने काढलेली प्राचीन चित्रे आहेत, आणि ब्लॅकफूट लोक तिला पवित्र मानतात. हातांच्या व बुटांच्या घर्षणाने ती चित्रे पुसली जातील; भेगाळलेला दगड निखळून चढणाराही जायबंदी होईल. म्हणून जाणता गिर्यारोहक येथे दोर काढीत नाही. शिळेभोवती पायी फिरून तो तिचे निरीक्षण करतो. कोठे चढावे, हे कौशल्य खरेच; पण कोठे चढू नये, हे ओळखणे त्याहून मोठे आहे.