क्रोमचं अपडेट रोज पुढे ढकलताय? एका फोटोमुळे काय होऊ शकतं ते आधी वाचा

(तालुका प्रतिनिधी)

मागच्या आठवड्यात पीक विम्याची पावती काढायला तालुक्याच्या गावी एका सेवा केंद्रात गेलो होतो. माझ्यापुढे चार जण होते. बसल्या बसल्या लक्ष गेलं, तर कॉम्प्युटरवर क्रोमच्या कोपऱ्यात अपडेटचं लाल चिन्ह दिसत होतं. केंद्रावरच्या पोराला म्हटलं, हे करून का घेत नाहीस? तो म्हणाला, "ते रोजच येतं भाऊ. दाबलं की क्रोम बंद होऊन पुन्हा चालू होतं. परत लॉगिन करा, परत ओटीपी मागवा. इथं लाईन लागलेली असते, कोण करत बसणार?"

त्याचंही खोटं नव्हतं. पण त्याच मशिनवर दिवसभरात पन्नासेक माणसांचं आधार, पासबुक आणि सातबारा उघडला जातो. म्हणून या अपडेटमध्ये नेमकं असतं काय, ते नीट समजून घेतलं. तेच इथं साध्या भाषेत मांडतोय.

सप्टेंबर २०२३ मध्ये काय घडलं?

इंटरनेटवरच्या बऱ्याच वेबसाईटवरचे फोटो 'वेबपी' नावाच्या प्रकारात असतात. फोटोची साईज कमी भरावी म्हणून गुगलने हा प्रकार काढला. असा फोटो उघडायला ब्राउझरमध्ये 'लिबवेबपी' नावाचा एक छोटा प्रोग्राम असतो. क्रोममध्ये तो आहे, फायरफॉक्समध्ये आहे, एज, ब्रेव्ह आणि ऑपेरामध्येही आहे.

६ सप्टेंबर २०२३ रोजी ॲपलची सुरक्षा टीम आणि कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठातली सिटिझन लॅब यांनी गुगलला कळवलं की या प्रोग्राममध्ये एक गंभीर चूक आहे. मुद्दाम बिघडवलेला फोटो असलेलं पान नुसतं उघडलं, तरी ब्राउझरच्या मेमरीत गडबड करता येत होती. कशावर क्लिक करायची किंवा काही डाउनलोड करायची गरज नव्हती. या चुकीचा क्रमांक सीव्हीई-२०२३-४८६३.

गुगलने ११ सप्टेंबरला क्रोमची दुरुस्त आवृत्ती काढली आणि या चुकीचा गैरवापर प्रत्यक्षात होत असल्याचंही सांगितलं. दुसऱ्या दिवशी फायरफॉक्सने ११७.०.१ ही आवृत्ती दिली. त्याच्या काही दिवस आधी ॲपलनेही आयफोनमधल्या फोटो उघडणाऱ्या भागातली एक चूक दुरुस्त केली होती. पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर आयफोनमध्ये घुसवायला ती वापरली गेली, असं सिटिझन लॅबने जाहीर केलं होतं.

चूक नेमकी कसली? वाफ्याचं उदाहरण घ्या

मोबाईल किंवा कॉम्प्युटरची मेमरी म्हणजे वाफे पाडलेलं वावर समजा. प्रोग्रामला काम करायला जागा लागली की तो एक वाफा मागून घेतो. शेजारच्या वाफ्यात दुसरं काहीतरी असतं.

वेबपी फोटो बारीक करताना एक युक्ती वापरतात. जी गोष्ट फोटोत वारंवार येते तिला छोटा कोड देतात आणि क्वचित येणाऱ्या गोष्टीला लांब. फोटो पुन्हा उघडताना या कोडचा तक्ता मेमरीत मांडावा लागतो. हा तक्ता जास्तीत जास्त किती मोठा होईल याचा हिशोब लिबवेबपीने आधीच करून ठेवला होता, आणि तेवढाच वाफा तो घ्यायचा. सरळ फोटोला तो पुरतच होता. पण कुणी मुद्दाम वाकडेतिकडे कोड भरून फोटो बनवला, की तक्ता वाफ्यात मावत नसे. तरी प्रोग्राम लिहीतच राहायचा. बांध फुटून पाणी शेजाऱ्याच्या वाफ्यात जावं, तसंच हे.

पाणी फुटलं तर पिकाचं नुकसान होतं, बस. इथं मात्र पलीकडे काय जाऊन पडेल हे फोटो बनवणारा ठरवू शकतो. शेजारच्या वाफ्यात 'पुढचं काम कुठून घ्यायचं' असा पत्ता लिहिलेला असेल, तर तो पत्ता बदलता येतो. मग ब्राउझर आपलं काम सोडून चोराचं काम करू लागतो.

दुरुस्ती तशी साधी होती. आधी तक्ता किती मोठा होणार ते मोजायचं आणि मग तेवढा वाफा घ्यायचा.

दुसरी चूक : खंड संपला तरी मोटारीची किल्ली

ब्राउझरमध्ये आणखी एका जातीची चूक वरचेवर निघते. समजा तुम्ही वावर खंडाने दिलं. मुदत संपली, दुसऱ्याला दिलं. पण पहिल्याकडे विहिरीच्या मोटारीची किल्ली तशीच राहिली आणि तो अजून येऊन मोटार चालू करतो. प्रोग्रामचंही असंच होतं. जागा सोडून दिलेली असते, पण तिचा जुना पत्ता कुठेतरी शिल्लक राहतो. त्या जागेत चोराने आपला माल आणून ठेवला, की जुन्या पत्त्यावर विसंबलेला प्रोग्राम तोच उचलतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये फायरफॉक्समध्ये अशीच चूक सापडली, तिचाही गैरवापर सुरू होता. कळल्यापासून साधारण एका दिवसात दुरुस्ती आली.

क्रोम ज्यावर उभा आहे त्या क्रोमियम प्रकल्पाने २०२० मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या गंभीर चुकांपैकी सुमारे ७० टक्के चुका मेमरीच्याच असतात. कारण ब्राउझरचा मोठा भाग सी आणि सी++ या भाषांत लिहिलेला आहे. त्या वेगवान आहेत, पण बांध सांभाळायचं काम लिहिणाऱ्यावर सोडतात. म्हणून आता नवीन भाग रस्टसारख्या भाषेत लिहायला सुरुवात झाली आहे, तिथं बांधाची तपासणी भाषाच करते. अँड्रॉइडमध्ये २०१९ साली ७६ टक्के सुरक्षा चुका मेमरीच्या होत्या, २०२४ पर्यंत हे प्रमाण २४ टक्क्यांवर आलं.

मग आपण घाबरायचं का?

नाही. ब्राउझर प्रत्येक वेबसाईटला वेगळ्या कोंडवाड्यात ठेवतो. एक चूक सापडली तरी त्यातून बाहेर पडून सगळ्या मशिनवर ताबा मिळवायला बहुतेक वेळा दुसरी चूक लागते. अशा महागड्या युक्त्या सुरुवातीला पत्रकार, कार्यकर्ते अशा निवडक लोकांवर वापरल्या जातात. आपल्याकडे पैसे जातात ते जास्त करून व्हॉट्सॲपवर आलेल्या एपीके फाईलने आणि ओटीपी सांगितल्याने.

पण दुरुस्ती जाहीर झाली की ती वाचून इतर चोरांनाही कळतं की भोक कुठं होतं. त्यानंतर अपडेट न केलेली मशिन त्यांच्यासाठी उघडीच. म्हणून अपडेट आलेलं असताना ते न करणं जास्त धोक्याचं.

काय करायचं?

– कॉम्प्युटरवर : क्रोममध्ये वर उजवीकडे तीन टिंबं, मग 'हेल्प', मग 'अबाऊट गुगल क्रोम'. अपडेट तिथं आपोआप उतरतं. पण 'रीलाँच' केल्याशिवाय ते लागू होत नाही, हे लक्षात ठेवा. केंद्रचालकांनी रोज संध्याकाळी बंद करताना एवढं करावं.

– मोबाईलवर : प्ले स्टोअरमधून क्रोम आणि 'अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू' ही दोन्ही अपडेट करा. दुसऱ्याचं नाव कुणाला माहीत नसतं, पण बऱ्याच ॲपमध्ये आतल्या आत वेबसाईट उघडते ती यातूनच.

– प्ले स्टोअरचं सेटिंग 'फक्त वाय-फायवर' असेल आणि घरी वाय-फाय नसेल, तर आपोआप अपडेट होणारच नाही. ते बदला. शुभ सकाळचे फोटो भरून मोबाईल फुल्ल झाला असेल, तर जागा करा.

– 'तुमचा क्रोम जुना झालाय, इथं दाबा' असं एखादी वेबसाईट म्हणाली तर दाबू नका. ती फसवणूक असते.

– पैसे गेले असतील तर लगेच १९३० या हेल्पलाईनवर फोन करा.

जुनी मशिन : खरी अडचण

हे सगळं वाचून त्या पोराकडे परत गेलो. दोघांनी मिळून दोन्ही मशिन बघितल्या. एकीवर अपडेट झालं, पाच मिनिटंही लागली नाहीत. दुसरीवर विंडोज ७ निघालं. त्यावर क्रोम १०९ च्या पुढे जातच नाही, गुगलने २०२३ च्या सुरुवातीलाच तिथं थांबवलं. मोबाईलचंही तसंच, अँड्रॉइड ८ आणि ९ वर क्रोम १३८ च्या पुढे मिळत नाही.

तो म्हणाला, "नवीन मशीन घ्यायला एका फॉर्ममागं राहतं किती, भाऊ?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शेवटी ठरलं ते असं : जुन्या मशिनवरून इंटरनेट काढायचं, तिच्यावर फक्त टायपिंग आणि प्रिंट. बँक, आधार आणि विम्याचं काम नवीवर.

पुढच्या वेळी केंद्रात गेलात की तुम्हीही एकदा कोपऱ्यातलं ते चिन्ह बघा, आणि विचारा. कागद आपलेच आहेत.