सही नसलेला करार

चित्रकादंबरी म्हणजे मुलांचा विरंगुळा, अशी माझी अनेक वर्षे समजूत होती. नातीने हाती दिलेल्या ‘द फिफ्थ बीटल’ या पुस्तकाने ती दूर केली. विवेक तिवारी यांचे लेखन व अँड्र्यू रॉबिन्सन यांची चित्रे असलेले हे पुस्तक २०१३ साली प्रसिद्ध झाले. ‘बीटल्स’ या विख्यात गायक-वादकांचे व्यवस्थापक ब्रायन एपस्टाईन हे त्याचे नायक. कथा गाण्याची असली, तरी व्यापारी कुटुंबांनी ती आवर्जून वाचावी.

एपस्टाईन हे लिव्हरपूलचे ज्यू व्यापारी घराणे. आजोबांनी फर्निचरचे दुकान थाटले. पुढे त्याला वाद्यांच्या दुकानाची जोड मिळाली. ब्रायनचे मन मात्र पेढीवर रमेना. नाट्यशिक्षणासाठी तो लंडनला गेला आणि ते अर्धवट सोडून परतला. वडिलांनी त्याच्याकडे ध्वनिमुद्रिकांचा विभाग सोपविला. गिऱ्हाईक मागेल ती तबकडी मिळवून द्यायचीच, हा त्याचा नेम.

९ नोव्हेंबर १९६१ रोजी ‘कॅव्हर्न’ या तळघरातील क्लबात त्याने चार होतकरू तरुणांचे गाणे ऐकले. जानेवारी १९६२ मध्ये करार झाला. चौघांनी सह्या केल्या. ब्रायनने स्वतः सही केलीच नाही. तरीही कलमे पाळली. असा कागद माझ्या टेबलावर आला असता, तर मी परत पाठविला असता!

डेक्का कंपनीने त्यांना नाकारले. ब्रायन ध्वनिफिती घेऊन दारोदार फिरला. अखेर जॉर्ज मार्टिन यांनी संधी दिली आणि ऑक्टोबर १९६२ मध्ये पहिली तबकडी निघाली. फेब्रुवारी १९६४ मध्ये अमेरिकेत सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी त्यांना दूरचित्रवाणीवर पाहिले.

चुकाही झाल्या. बीटल्सच्या नावाने वस्तू विकण्याच्या परवान्यात ९० टक्के वाटा परवानाधारकांना गेला. ब्रायनच्या पक्षाकडे उरले १० टक्के. त्याहून मोठी तूट घरच्या वहीत न दिसणारी होती. समलैंगिकता तेव्हा इंग्लंडमध्ये गुन्हा होती. ब्रायनला आयुष्यभर स्वतःला लपवावे लागले. जुलै १९६७ मध्ये तो कायदा शिथिल झाला. २७ ऑगस्टला, झोपेच्या औषधांच्या अतिमात्रेने, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी तो गेला.

आपल्या घरातही एखादा मुलगा गल्ल्यावर बसून दुसरेच काही ऐकत असतो. दिवसाचा मेळ लागल्यावर घटकाभर त्याच्याजवळ बसावे आणि त्याचे ऐकून घ्यावे.