गायकाविना पाल्मिएरी

एडी पाल्मिएरीचा 'पाल्मास' हा अल्बम 1994 साली नॉनसच कंपनीनं काढला. तो लावल्यावर आधी जाणवतं ते हे, की यात कुणी गातच नाही. तीन फुंकवाद्यं आहेत, पियानो आहे, बास आहे आणि कोंगा-तिंबालेस-बोंगोंची फौज आहे. गायक मात्र नाही. न्यूयॉर्कच्या नाचघरांसाठी तीसेक वर्षं बँड चालवणाऱ्या माणसानं गायकालाच घरी बसवावं, हे नवलच. मग सोपं अनुमान निघतं, की पन्नाशी ओलांडल्यावर पाल्मिएरीनं सालसा सोडला आणि तो जॅझकडे वळला.

मला हे पटत नाही. तो कुठून कुठे वळला असं झालंच नाही. त्याच्या नाचाच्या संगीतात जॅझ पहिल्यापासून होतं, आणि 'पाल्मास'मध्येही नाच जागच्या जागी आहे. हे पाहायचं तर 1961पर्यंत मागं जावं लागतं, खरं तर त्याच्याही आधी.

पाल्मिएरीचा जन्म 15 डिसेंबर 1936चा, न्यूयॉर्कमधल्या ईस्ट हार्लेमचा. आईवडील पोर्तो रिकोतल्या पोन्से गावचे. पुढे कुटुंब ब्राँक्समध्ये गेलं. थोरला भाऊ चार्ली त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठा आणि तोही पियानोवादक, तोही नावाजलेला. पियानो घरातच होता, पण एडीला ओढ तालाची. तेराव्या वर्षी तो मामा-काकांच्या बँडमध्ये तिंबालेस वाजवू लागला. मग ती जड वाद्यं वाहून कंटाळला आणि पियानोकडे परतला. आपण मुळात तालवादकच, ते राहून गेल्याचा राग आपण पियानोवर काढतो, अशा अर्थाचं तो जन्मभर सांगत राहिला. ऐकताना ते शब्दशः खरं वाटतं. बोटं कमी पडली की तो कोपर आणि अख्खा हात पट्ट्यांवर टाकायचा, आणि वाजवताना घशातून निघणारे त्याचे हुंकार रेकॉर्डिंगमध्येही ऐकू येतात.

विशीत त्यानं विसेंतिको वाल्देस, तितो रोद्रिगेस अशा बड्या गायकांच्या बँडमध्ये नोकरी केली. तो काळ ब्रॉडवेवरच्या पॅलेडियम बॉलरूमचा. माचितो, तितो पुएन्ते आणि तितो रोद्रिगेस यांचे मोठमोठे वाद्यवृंद तिथं मांबो वाजवत आणि सगळं शहर नाचायला येई. 1961मध्ये पाल्मिएरीनं स्वतःचा बँड काढला, 'ला पर्फेक्ता'. ट्रंपेटची रांग ठेवायला पैसे लागतात, म्हणून त्यानं ट्रॉम्बोन घेतले. आधी बॅरी रॉजर्स, मग जोडीला होसे रोद्रिगेस, आणि वर एक बासरी. बासरी-व्हायोलिनच्या क्युबन 'चारांगा' बँडची तेव्हा चलती होती. त्यात ट्रॉम्बोन घुसल्याचं पाहून चार्लीनं या प्रकाराला 'ट्रॉम्बांगा' असं नाव दिलं. याच सुमारास अमेरिकेनं क्युबाशी व्यापार तोडला आणि हवानाहून येणारा नव्या संगीताचा ओघ आटला. न्यूयॉर्कच्या वादकांना आता आपलंच काही घडवणं भाग होतं. रॉजर्स हा ब्राँक्सचा ज्यू पोरगा, जॅझवर वाढलेला. त्या जाडजूड, खरखरीत ट्रॉम्बोननं सालसाचा पुढचा दशकभराचा आवाज ठरवून टाकला.

इथं थोडं यंत्राच्या आत डोकवायला हवं. या संगीताचा कणा म्हणजे क्लावे. दोन मात्राखंडांत मिळून पाच ठोके, एका खंडात तीन आणि दुसऱ्यात दोन. कधी तीन आधी, कधी दोन आधी. तो कुणी वाजवलाच पाहिजे असं नाही, पण प्रत्येक वादकाच्या मनात तो चालू असतो, आणि त्याला आडवं जाणारी जागा जाणकाराला लगेच टोचते. गाण्याची बांधणीही ठरलेली. आधी गायक कडवी म्हणतो, मग 'मोंतुनो' सुरू होतो. पियानो एकच छोटी, तिरकी आकृती फिरवत राहतो, मागचे लोक एक ओळ पुन्हा पुन्हा म्हणतात आणि गायक मधल्या जागांत उत्स्फूर्त भर घालतो. तमाशात झीलकरी ओळ उचलून धरतात तसंच हे. फड रंगतो तो याच भागात, आणि नाचणाऱ्यांची खरी कसोटीही इथंच.

(मराठी कानाला लॅटिन ताल नवा नव्हता म्हणा. 1950च्या 'समाधी'तलं लता आणि अमीरबाईंचं द्वंद्वगीत सी. रामचंद्रांनी एका लॅटिन ढंगाच्या गाण्यावरूनच बेतलं होतं. पण आपल्याकडे आला तो रंग. क्लावेची शिस्त त्याच्याबरोबर आली नाही.)

आता 1965च्या 'असूकार पा' ती' या अल्बममधलं 'असूकार' ऐका. रेडिओला तीन मिनिटांची गाणी हवी असण्याच्या काळात हे आठ मिनिटांहून मोठं आहे. इस्माएल क्विंतानाचं गाणं होतं, मोंतुनो सुरू होतो, आणि मग पाल्मिएरी एक गंमत करतो. डावा हात मोंतुनोची आकृती जराही न हलवता चालू ठेवतो आणि उजवा हात तिच्यावर एकल वादन करतो. एकाच माणसात ताल धरणारा आणि ताल छेडणारा असे दोघं. स्वरांच्या रचना क्युबन पियानोवादकांकडून आलेल्या, पण मधूनच जॅझ पियानोवादक थेलोनियस मंकसारखे अडखळते, खडबडीत स्वरपुंज. हे जॅझच आहे, फक्त समोर लोक नाचताहेत. 2009मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं हे ध्वनिमुद्रण जतन करायच्या राष्ट्रीय यादीत घेतलं.

'ला पर्फेक्ता' 1968मध्ये मोडला. पुढची काही वर्षं पाल्मिएरी फार मोकळा सुटलेला दिसतो. बॉब बियांको या शिक्षकाकडे तो शिलिंगरची गणिती संगीतपद्धती शिकला आणि त्याच्याकडूनच हेन्री जॉर्जच्या अर्थविचाराची गोडीही त्याला लागली. 'हुस्तीसिया'त (1969) न्यायाची मागणी करणारं गाणं आहे, आणि त्याच अल्बमवर निखळ वाद्यसंगीताचा एक तुकडाही. 'सुपरइम्पोझिशन'ची (1970) एक बाजू गाण्यांची, दुसरी फक्त वाद्यांची. म्हणजे गायकाविना पाल्मिएरी हा प्रयोग 'पाल्मास'च्या चोवीस वर्षं आधीच झाला होता, तबकडीच्या उलट्या बाजूवर! 'बामोनोस पा'ल मोंते'त चार्ली ऑर्गनवर आहे, 1972मध्ये सिंग सिंग तुरुंगात केलेल्या मैफलीचं ध्वनिमुद्रण आहे. हे सगळं ऐकण्यासारखं, पण इथं थांबता येत नाही.

थांबायचं 1974च्या 'द सन ऑफ लॅटिन म्युझिक'वर. त्यातलं 'उन दिया बोनितो' चौदा मिनिटांहून मोठं आहे. सुरुवातीला कितीतरी वेळ ताल नाही, नाच नाही, पियानो आणि विचित्र आवाजांचं धुकं. मग त्यातूनच क्लावे उगवतो आणि पाय आपोआप हलायला लागतात. गायक होता लालो रोद्रिगेस, वय सोळा. लॅटिन ध्वनिमुद्रणासाठीचं पहिलंवहिलं ग्रॅमी 1976मध्ये याच अल्बमला मिळालं, आणि पुढच्या वर्षीचंही पाल्मिएरीलाच.

नियतीची थट्टा अशी, की हाच लालो 1988मध्ये 'सालसा रोमांतिका'चा मोठा तारा झाला. ऐंशीच्या दशकात सालसा गोड झाला. बँड मागं सरकला, गायकाचा देखणा चेहरा पुढं आला, मोंतुनो आखडला. ज्या भागात पाल्मिएरीचं सगळं सामर्थ्य होतं तोच भाग बाजारानं कापला. 1988मध्येच चार्ली गेला, 1991मध्ये बॅरी रॉजर्स गेला. 1992मध्ये पाल्मिएरीनं ला इंडिया या तरुण गायिकेला घेऊन एक झणझणीत अल्बम केला खरा. पण एकूण वारं पाहता, गायकाच्या बाजारात राहायचं की मोंतुनो वाचवायचा, असा प्रश्न त्याच्यासमोर उभा असणार. त्यानं मोंतुनो निवडला, आणि त्यातून 'पाल्मास' झाला, असं मला वाटतं.

आता या अल्बमची बांधणी बघा. ट्रंपेटवर ब्रायन लिंच, ट्रॉम्बोनवर कॉनराड हर्विग, आल्टो सॅक्सोफोनवर डोनाल्ड हॅरिसन. लिंच आणि हॅरिसन दोघंही ड्रमवादक आर्ट ब्लेकीच्या 'जॅझ मेसेंजर्स' या बँडमधून तयार झालेले, म्हणजे पक्क्या हार्ड बॉपच्या तालमीचे. कोंगावर रिची फ्लोरेस, तिंबालेसवर होसे क्लॉसेल. धून वाजते, मग पियानो मोंतुनो धरतो आणि एकेक फुंकवाद्य पुढं येऊन बोलू लागतं. एकल वादन कळसाला गेलं की मागून बाकीची वाद्यं एक छोटी, धारदार ओळ पुन्हा पुन्हा फेकतात. ती झीलच आहे, फक्त तिला शब्द नाहीत. हॅरिसन किंवा लिंच गायकाच्या जागी उभा आहे आणि सांगाडा 'असूकार'चाच आहे. म्हणूनच कित्येक लॅटिन जॅझमध्ये होतं तसं, जॅझच्या धुनेखाली कोंगा चिकटवल्यासारखं, इथं वाटत नाही. पाल्मिएरी स्वतः संगतीत विलक्षण संयमी आहे. एकच आकृती मिनिटच्या मिनिट धरून ठेवतो, मग अचानक चार स्वरांचा एक गठ्ठा टाकतो आणि वादकाला नवी दिशा मिळते. हर्विगचा ट्रॉम्बोन रॉजर्सपेक्षा गुळगुळीत आहे, आणि मला तिथं जुन्या खरखरीची आठवण होते, हेही सांगून टाकतो. ध्वनिमुद्रणही जरा जास्तच स्वच्छ आहे. नाचघराचा घाम त्यात नाही.

याच वळणावर 'आरेते' (1995) आणि 'व्होर्टेक्स' (1996) हे दोन अल्बम आले. 'आरेते'तलं 'डोन्ट स्टॉप द ट्रेन' या तिन्हींत सगळ्यांत दमदार. 'व्होर्टेक्स'पर्यंत मात्र साचा ओळखीचा झाला होता. आता कोण पुढं येणार हे आधीच कळतं.

याच काळात लॅटिन जॅझला ग्रॅमीत स्वतंत्र विभाग मिळाला. त्यासाठी ग्रॅमी देणाऱ्या अकादमीत खटपट करणाऱ्यांत पाल्मिएरी होता. 1995चा पहिला पुरस्कार मात्र आर्तुरो सांदोवालच्या 'दान्सोन'ला गेला. पाल्मिएरीला तो मिळायला 2006 उजाडलं, 'लिसन हिअर!'साठी. लगेच पुढच्या वर्षी लिंचबरोबरच्या 'सिंपातिको'लाही मिळाला. 2011मध्ये अकादमीनं 109 विभागांचे 78 केले, आणि गळालेल्यांत लॅटिन जॅझ होतं. बॉबी सानाब्रिया आणि इतर वादक कोर्टात गेले, ओरड झाली, आणि वर्षभरात विभाग परत आला. 2013चा पुरस्कार मिळाला तो क्लेअर फिशर या आणखी एका कीबोर्डवादक बँडप्रमुखाला, त्याच्या निधनानंतर. त्याच वर्षी पाल्मिएरी अमेरिकेचा 'जॅझ मास्टर' ठरला.

गायक काही कायमचा घरी बसला नव्हता. 2018च्या 'मी लुस मायोर'मध्ये मोठा वाद्यवृंद आहे आणि हिल्बेर्तो सांता रोसा, हेर्मान ओलिवेरा गात आहेत. दिवंगत पत्नी इराइदाच्या आठवणीत केलेला हा अल्बम, दोघांनी तरुणपणी ऐकलेल्या गाण्यांचा. 6 ऑगस्ट 2025 रोजी न्यू जर्सीत पाल्मिएरी गेला, 88 वर्षांचा होऊन.

कुणाला ऐकायला सुरुवात करायची असेल तर माझा क्रम असा: आधी 'असूकार', मग 'उन दिया बोनितो', आणि त्यानंतरच 'पाल्मास'. उलट क्रमानं गेलात तर 'पाल्मास' नुसता एक चांगला जॅझ अल्बम वाटेल.