दुकान आपले, किल्ली कोणाकडे?

आजकाल व्यापार म्हटला की तराजू आणि खतावणीच्या जोडीला संगणकाचा पासवर्डही आलाच. जीएसटीचे विवरणपत्र भरायचे असो वा घाऊक माल ऑनलाईन मागवायचा असो, दारातच विचारणा होते : आपण कोण? याचे उत्तर कुठे 'युजरनेम'ने द्यावे लागते, तर कुठे ई-मेलच्या पत्त्याने. म्हसळ्यातील आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी हा फरक समजून घेणे जरुरीचे आहे.

युजरनेम म्हणजे आपणच ठेवलेले नाव. एका संकेतस्थळावर ते एकालाच मिळते. आपल्याकडे एकाच नावाचे अनेक इसम असतात. मोहल्ला आणि वडिलांचे नाव सांगावेच लागते. म्हणून नावापुढे आकडे जोडले जातात आणि वर्षभराने तेच आकडे आठवत नाहीत. ई-मेलमध्ये नावापुढे टपालघराचे नाव असते, त्यामुळे तो पत्ता जगात एकमेव ठरतो. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने ही पद्धत पाडली. १९९६ मध्ये सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केले आणि असा पत्ता सामान्य माणसालाही फुकट मिळू लागला.

संकेतस्थळ बांधणाऱ्यांना तयार सांगाडे मिळतात. त्यांपैकी 'जँगो' मुळात युजरनेम मागतो, तर 'लाराव्हेल'च्या तयार मांडणीत ई-मेल असतो. जँगोमध्येही ई-मेलची सोय करता येते. परंतु ते पाया घालतानाच ठरवावे लागते, भिंती उभ्या राहिल्यावर फार जिकिरीचे होते. ज्यांना आपल्या दुकानाचे संकेतस्थळ करून घ्यायचे आहे, त्यांनी हे आधीच बजावावे. ग्राहकाचा पत्ता पडताळून घेण्याची आणि पुढे तो बदलण्याची सोयही मागून घ्यावी.

मात्र ई-मेल सोयीचा असला तरी तो आपलाच हवा. कारण पासवर्ड विसरल्यास नवा करण्याचा मार्ग त्याच पत्त्यावरून जातो. पत्ता ज्याच्या हाती, खाते त्याच्या हाती. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, तेव्हा देशभरातील अनेकांची नोंदणी मध्यस्थांनी केली व त्यात स्वतःचाच ई-मेल आणि मोबाईल लिहिला. पुढे ते तपशील देईनात, तेव्हा व्यापारी अडकले. २०१८ मध्ये सरकारला यावर उपाय जाहीर करावा लागला : व्यापाऱ्याने ओळखीची व धंद्याची कागदपत्रे घेऊन आपल्या हद्दीतील कर अधिकाऱ्याकडे जावे, खातरजमा करून तो नवा ई-मेल व मोबाईल नोंदवून देतो.

आखातात असलेल्या मुलाचा वा भावाचा ई-मेल देणारेही पुष्कळ आहेत. हेतू चांगला, पण विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी सांकेतिक आकडा तिकडे जातो आणि इकडे दंडाची वेळ येते. पत्ता काढून तसाच ठेवणेही बरे नव्हे. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल बंद करू शकते. हा नियम डिसेंबर २०२३ पासून अमलात आला आहे.

आमची सूचना एवढीच : धंद्यासाठी एक स्वतंत्र ई-मेल काढावा, महिन्यातून एकदा तरी उघडावा आणि घरातील एका विश्वासू माणसाला त्याची माहिती द्यावी. हिशेबनीसाला काम जरूर सोपवावे, पण नोंदणीत कोणाचा पत्ता आहे, हे पुढचे विवरणपत्र भरण्याआधी स्वतः पाहून घ्यावे.