डिपॉझिटची रक्कम आपली नव्हे

आपल्या व्यापारी बांधवांचा ओढा खोल्या आणि गाळे घेऊन भाड्याने देण्याकडे वाढला आहे. लूम भंगारात विकून त्या पैशांत दोन खोल्या घेणारे मी माझ्याच गल्लीत पाहिले आहेत. ओढा चुकीचा नाही. कापडात उधारी नव्वद-नव्वद दिवस अडकते, भाडे महिन्याला येते. पण हाही धंदाच आहे आणि त्यात मी स्वतः ठेच खाल्ली आहे.

काही वर्षांपूर्वी भिवंडीत खोली घेतली आणि ती हेवी डिपॉझिटवर दिली. तीन लाख एकरकमी, भाडे शून्य, खोली सोडताना पूर्ण रक्कम परत. बँकेचे व्याज नको आणि भांडवल हाती, यात मी खूश होतो. ते तीन लाख सुतात घातले. सुताचा भाव पडला, माल गोदामात राहिला, आणि नेमके त्याच वेळी भाडेकरूने मुलीच्या लग्नासाठी रक्कम मागितली. नव्याकडून घेऊन जुन्याला द्यायचे, ही सर्वांची रीत. पण नवा भाडेकरू मिळेना. अखेर अर्धा माल नुकसानीत काढून पैसे दिले, तेही लग्नाची तारीख पुढे ढकलावी लागल्यावर. भला माणूस, पोलिसांत गेला नाही. पण मशिदीत समोर आला की आजही माझी नजर खाली जाते.

डिपॉझिट ही अमानत आहे. दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकीच घ्यावी आणि वेगळ्या खात्यात ठेवावी, धंद्यात फिरवू नये. हेवी डिपॉझिट म्हणजे कर्ज देऊन त्या बदल्यात घराचा फायदा घेणे, म्हणून अनेक उलेमांनी त्यावर हरकत घेतलेली आहे. व्याज टाळण्यासाठी निघालेला माणूस कुठे पोहोचतो, ते पाहा.

खोली घेण्यापूर्वी हिशेब मांडा. समजा, खोली १५ लाखांची आणि भाडे ६ हजार. वर्षाचे ७२ हजार झाले. त्यातून एक महिना रिकामी राहिल्याचे ६ हजार, घरपट्टी व सोसायटीचे १२ हजार, डागडुजीचे ६ हजार वजा करा. उरले ४८ हजार, म्हणजे शेकडा सव्वातीनच्याही आत. दलाल ७२ हजारच सांगतो. आयकरात भरलेली घरपट्टी वजा होऊन उरलेल्या भाड्यावर ३० टक्के वजावट मिळते, तेवढाच आधार.

स्वस्त मिळते म्हणून परवानगी नसलेल्या इमारतीत पैसा घालू नका. एप्रिल २०१३ मध्ये शिळफाट्याची अनधिकृत इमारत कोसळून ७० हून अधिक माणसे गेली. सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीच्या पटेल कंपाउंडमधील इमारत रात्री झोपलेल्या लोकांवर आली. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

आता कागद. “अकरा महिन्यांचा करार, नोंदणीची गरज नाही” असे आपल्याकडे सर्रास सांगतात. महाराष्ट्रात ते खरे नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. ही जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय लेखी करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरे धरले जाते. उलट सिद्ध करणे मालकाच्या गळ्यात. नोंदणी झालेल्या लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही राहती जागा कोणी सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते. दिवाणी कोर्टाचे वर्षानुवर्षांचे हेलपाटे वाचतात.

खर्चही फार नाही. एकूण भाडे आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून होणारी रक्कम, यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. वरच्या खोलीला ५० हजार डिपॉझिट असले तर वर्षाच्या करारास सुमारे दोनशे रुपये. शहरात नोंदणी फी एक हजार. आधार आणि अंगठ्यावर हे काम घरबसल्याही होते. नात्यातला किंवा गावचा भाडेकरू असला तरी करार करावाच. जबानीवर दिलेल्या खोलीपायी नाती तुटलेली मी पाहिली आहेत.

भाडेकरू आत येताना वीज मीटरचे रीडिंग आणि पंखे-नळांची यादी दोघांच्या सह्यांनी करून ठेवावी. जाताना तीच यादी समोर ठेवावी, वीजबिल वजा करावे, आणि किल्ली हातात पडताच त्याच बैठकीत डिपॉझिट मोजून द्यावे.