अभियंत्यांसाठी मोफत सॉफ्टवेअर : आराखडा आपला, किल्ली कुणाची?

इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील सर्किट बोर्डांचे आराखडे तयार करण्यासाठी जगभरचे लहान उद्योजक, हौशी तंत्रज्ञ आणि विद्यार्थी ‘ईगल’ हे सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे वापरत आले. मूळच्या जर्मनीतील या सॉफ्टवेअरची मालकी २०१६ मध्ये ऑटोडेस्क या अमेरिकी कंपनीकडे गेली. पुढच्याच वर्षी एकरकमी किमतीची जागा वर्गणीने घेतली. मग २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केले की, ७ जून २०२६ नंतर ईगलची विक्री आणि त्याला मिळणारे पाठबळ बंद होईल. कंपनीच्या लेखी हा एक व्यावसायिक निर्णय होता. ज्याच्या संगणकात दहा-पंधरा वर्षांच्या कामाचे बोर्ड त्याच सॉफ्टवेअरच्या फायलींत साठवलेले होते, त्याला मात्र आपल्याच कामाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असल्याचा साक्षात्कार त्या दिवशी झाला.

मोफत किंवा स्वस्त सॉफ्टवेअरची चर्चा आपल्याकडे बहुधा किमतीपाशी सुरू होते आणि किमतीपाशीच थांबते. दोन टेबलांचे कार्यालय थाटून बसलेला स्थापत्य सल्लागार असो, भोसरी किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील सुट्या भागांचा कारखानदार असो, वा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी असो. नामांकित सॉफ्टवेअरची वार्षिक वर्गणी त्याला जड जाते, यात शंका नाही. परंतु अभियंत्याने केलेले काम वीस-तीस वर्षे उभे राहते. पुलाचा नकाशा, साच्याचे रेखाटन, जलवाहिन्यांचे जाळे यांची गरज दुरुस्तीच्या वेळी, विस्ताराच्या वेळी आणि कोर्टकचेरीच्या वेळीही पुन्हा पडते. त्या दिवशी ती फाइल उघडेल काय, हा प्रश्न आजच्या बिलापेक्षा मोठा आहे.

फुकटाचे तीन चेहरे

‘मोफत’ या एका शब्दाखाली तीन निराळ्या गोष्टी खपतात. पहिली म्हणजे कंपनीची मेहेरबानी. यंत्रभागांच्या त्रिमितीय आराखड्यांसाठी लोकप्रिय असलेल्या ‘फ्यूजन ३६०’ची वैयक्तिक वापरासाठीची मोफत आवृत्ती सप्टेंबर २०२० मध्ये एकाएकी आखडली गेली. एका वेळी संपादन करता येणाऱ्या आराखड्यांची संख्या दहावर आली आणि ‘स्टेप’ या सर्वमान्य स्वरूपात आराखडा बाहेर काढण्याची सोयही काढून घेण्याचे कंपनीने घोषित केले. वापरणाऱ्यांनी ओरड केल्यावर ही शेवटची गोष्ट तेवढी मागे घेण्यात आली. ‘ऑनशेप’ हे इंटरनेटवर चालणारे सॉफ्टवेअर मोफत मिळते, पण मोफत खात्यातील आराखडे जगजाहीर असतात आणि त्यांचा व्यावसायिक वापर करता येत नाही. नवे यंत्र घडवणाऱ्याने ही अट आधी वाचलेली बरी.

विद्यार्थ्यांसाठीच्या परवान्यांची गतही अशीच. शिकताना मिळालेली आवृत्ती नोकरी-धंद्यात वापरणे हा करारभंग ठरतो. ऑटोकॅडच्या शैक्षणिक आवृत्तीत केलेल्या नकाशाच्या चारही कडांना पूर्वी तसा शिक्का छापला जाई आणि तो पुसता पुसता अनेक कार्यालयांच्या नाकी नऊ येत. चोरीच्या प्रतीबद्दल तर बोलायलाच नको. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या ६३ ब कलमानुसार सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर आर्थिक लाभासाठी नसेल, तरच कारावास टाळण्याची मुभा न्यायालयाला आहे. कंपनीच्या मोफत सॉफ्टवेअरांत सज्जनही आहेत. सर्किटचे वर्तन संगणकावर तपासणारे ‘एलटीस्पाइस’ व्यावसायिक कामालाही विनाशुल्क चालते. मात्र त्याची मूळ संहिता कंपनीच्याच ताब्यात आहे.

दुसरा चेहरा सरकारी पैशातून निर्माण होऊन सर्वांसाठी खुल्या झालेल्या सॉफ्टवेअरचा. तिसरा ‘ओपन सोर्स’चा, म्हणजे ज्याची मूळ संहिता परवान्यानेच कायमची खुली ठेवलेली आहे अशा सॉफ्टवेअरचा. ते घडवणारी संस्था उद्या राहिली नाही, तरी शेवटची आवृत्ती कुणी परत मागू शकत नाही.

पाणी, पूर आणि सरकारी संहिता

या दुसऱ्या चेहऱ्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘ईपॅनेट’. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ मध्ये ते प्रथम उपलब्ध केले. जलवाहिन्यांची लांबी, व्यास आणि आतील खडबडीतपणा, टाक्यांच्या पातळ्या, पंपांची क्षमता आणि प्रत्येक नाक्यावरची पाण्याची मागणी एवढे भरले की कोणत्या तासाला कोणत्या नाक्यावर किती दाब मिळेल, हे ते सांगते. टाकीत मिसळलेला क्लोरीन शेवटच्या नळापर्यंत किती उरतो, याचाही हिशेब करते. त्याची फाइल साध्या मजकुराची असल्याने कोणत्याही संगणकावर उघडून वाचता येते. बाजारात विकल्या जाणाऱ्या अनेक महागड्या जलजाल सॉफ्टवेअरच्या पोटात गणिताचे इंजिन याच ईपॅनेटचे असते, ही गंमत फारशी कुणी सांगत नाही.

तरीही ईपॅनेट आपल्या शहरांवर डोळे झाकून लावता येत नाही. नळ चोवीस तास भरलेले असतात आणि दाब कितीही असला तरी मागणी पूर्ण होतेच, असे त्याच्या मूळ गणिताचे गृहीतक आहे. आपल्याकडे पाणी दिवसातून दोन-चार तास येते, जलवाहिन्या रिकाम्या होतात आणि पुन्हा भरतात. अशा जाळ्याचे गणित जुन्या पद्धतीने केले की उंचावरच्या वस्तीत चक्क उणे दाब दिसतो आणि नवखा अभियंता गोंधळतो. २०२० च्या २.२ या आवृत्तीत दाबानुसार मागणी घटवण्याची सोय आली आणि ही अडचण काही अंशी दूर झाली. वाहिन्या रित्या होण्या-भरण्याचा प्रश्न मात्र अभियंत्याच्या अनुभवावरच सोडलेला आहे. यात फुकट-विकतचा संबंध नाही. तेच इंजिन पैसे मोजून घेतले तरी गृहीतक बदलत नाही.

ईपॅनेटला वाहिनीचा व्यास आधी सांगावा लागतो. तो किती ठेवावा म्हणजे गावाला पुरेसा दाब मिळेल आणि खर्चही किमान राहील, हा उलटा प्रश्न सोडवण्यासाठी मुंबई आयआयटीच्या संगणकशास्त्र विभागात ‘जलतंत्र’ घडले. ग्रामीण नळयोजना डोळ्यांपुढे ठेवून तयार केलेले हे साधन विनामूल्य वापरता येते. योजनेच्या खर्चाचा मोठा वाटा वाहिन्यांवरच पडत असल्याने व्यासाची एकेक पायरी इथे लाखमोलाची ठरते.

नदीच्या पुराची पातळी काढण्यासाठी अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाचे ‘हेक-रास’ आणि शहरातील पावसाळी गटारांसाठी १९७१ पासून विकसित होत आलेले ‘एसडब्ल्यूएमएम’ ही याच घराण्यातील आणखी दोन नावे. तिन्ही साधने अमेरिकी करदात्याच्या पैशातून झालेली. आपल्याला मात्र ती फक्त उतरवून घ्यावी लागतात.

पवईचा प्रयत्न

ओपन सोर्सचा अभियांत्रिकी शिक्षणात शिरकाव व्हावा यासाठी भारतात झालेला मोठा प्रयत्न मुंबई आयआयटीच्याच आवारातला. केंद्र सरकारच्या निधीतून चालणाऱ्या ‘फॉसी’ या प्रकल्पाने महाग सॉफ्टवेअरच्या जागी मोफत साधने रुजवण्याचे काम हाती घेतले. रासायनिक अभियांत्रिकीचे प्रा. कण्णन मौद्गल्य यांचा त्यात पुढाकार होता. त्यांची एक कल्पना फार साधी, म्हणून फार उपयोगी ठरली. अभियांत्रिकीच्या प्रचलित पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे विद्यार्थ्यांनीच ‘सायलॅब’ या मोफत गणिती सॉफ्टवेअरमध्ये लिहून काढायची आणि ती सर्वांसाठी खुली ठेवायची. सॉफ्टवेअर फुकट असून भागत नाही, हाताशी उदाहरण लागते, हे त्यांनी नेमके ओळखले.

मौद्गल्य यांच्याच पुढाकाराने झालेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे सुमारे दहा-दहा मिनिटांचे दृक्-श्राव्य पाठ मराठीतही ऐकता येतात. पडद्यावरचे शब्द इंग्रजी राहतात, समजावणारा आवाज मराठी असतो. ज्या मुलाची अडचण गणिताची नसून इंग्रजी उच्चारांची आहे, त्याला याचे मोल विचारावे.

याच प्रकल्पातील ‘ओस्डॅग’ बांधकाम व्यवसायाच्या अधिक जवळचे आहे. पोलादी तुळया आणि खांब यांचे जोड, बोल्ट किती, वेल्ड केवढे, पट्टी किती जाडीची, हे सारे ते भारतीय मानक आयएस ८०० च्या २००७ च्या आवृत्तीप्रमाणे ठरवते. परदेशी मोफत सॉफ्टवेअरमध्ये नेमकी हीच उणीव असते. त्यांचे गणित पक्के, पण त्यांना आपली मानके ठाऊक नसतात. आणि नकाशा मंजूर करणारा अधिकारी आयएस क्रमांकच पाहतो.

डीडब्ल्यूजीची गाठ

वास्तुरचना आणि यंत्ररचनेच्या कार्यालयांत खरी गाठ बसते ती नकाशाच्या फाइलपाशी. ऑटोकॅड १९८२ मध्ये आले आणि त्याचे ‘डीडब्ल्यूजी’ हे स्वरूप पुढे साऱ्या व्यवसायाची बोली बनले. त्याचा तपशील कंपनीने कधी प्रसिद्ध केला नाही. देवाणघेवाणीसाठी दिलेल्या ‘डीएक्सएफ’ची रचना मात्र जाहीर आहे. २०१६ मध्ये ऑटोडेस्कने नवे कायमस्वरूपी परवाने विकणे थांबवले. तेव्हापासून नव्या ग्राहकाला वर्गणी भरेपर्यंतच संपादनाचा हक्क उरला.

येथे मोफत साधनांची मर्यादा झाकण्यात अर्थ नाही. ‘लिबरकॅड’ द्विमितीय रेखाटनाला पुरते, पण डीडब्ल्यूजी स्वरूपात फाइल साठवत नाही. ठेकेदार, महापालिका, ग्राहक सगळेच डीडब्ल्यूजी मागत असतील, तर अशा कार्यालयाला ब्रिक्सकॅडसारखा कमी किमतीचा पर्याय अधिक मानवतो. तो डीडब्ल्यूजीमध्येच काम करतो आणि ऑटोकॅडच्या आज्ञा ज्याच्या बोटांत बसल्या आहेत त्याला फारसे नव्याने शिकावे लागत नाही.

त्रिमितीय कामाची कथा अधिक रंजक आहे. ‘फ्रीकॅड’ हे सॉफ्टवेअर दोन दशकांहून अधिक काळ घडत राहिले आणि त्याची १.० ही आवृत्ती थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. इतका उशीर का, याचे एक कारण तांत्रिक होते. ठोकळ्याच्या एखाद्या पृष्ठावर भोक पाडले आणि नंतर मागे जाऊन ठोकळ्याचा आकार बदलला, तर पृष्ठांचे क्रमांक नव्याने पडत आणि ते भोक भलत्याच बाजूला जाऊन बसे किंवा पुढची सारी रचनाच कोसळे. १.० आवृत्तीत या दोषावर बऱ्याच अंशी इलाज झाला आणि सुटे भाग जोडून पाहण्याची सोयही मुळातच मिळाली. फिक्स्चर, कंस, लहान साचे अशा कामांना फ्रीकॅड आता निःशंक घ्यावे. मोटारीच्या बाह्यांगासारख्या वळणदार पृष्ठभागांसाठी ते घेऊ नये.

सर्किट बोर्डांच्या क्षेत्रात याउलट मोफत साधनाने बाजी मारली. फ्रान्समधील एका प्राध्यापकाने १९९२ मध्ये सुरू केलेल्या ‘कीकॅड’ला २०१३ पासून ‘सर्न’ या युरोपीय भौतिकी प्रयोगशाळेचे बळ मिळाले. २०१८ च्या पाचव्या आवृत्तीपासून ते ईगलच्या फायलीही उघडते. ईगलने आपल्या फायली आधीच वाचता येण्याजोग्या मजकुराच्या स्वरूपात आणल्या होत्या, म्हणून हे शक्य झाले.

गणिताच्या सॉफ्टवेअरबाबत २०२० मध्ये चीनमध्ये घडलेली घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेने निर्बंध लादल्यावर हार्बिन येथील दोन विद्यापीठांना ‘मॅटलॅब’ वापरण्यास मनाई झाली. पैसे देण्याची तयारी असूनही परवाना गेला. मॅटलॅबशी बरेचसे मिळतेजुळते असणारे ‘ऑक्टेव्ह’ रासायनिक अभिक्रियापात्रांच्या रचनेवरील एका पाठ्यपुस्तकाला जोड म्हणून जन्मले. त्याचे नावही ऑक्टेव्ह लेव्हेनस्पील या रासायनिक अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांवरून ठेवलेले आहे. पाकिटाच्या पाठीवर झटपट अंदाज काढण्यात त्यांचा हातखंडा होता. प्रकल्पापुरते गणित ऑक्टेव्ह किंवा पायथॉनमध्ये सहज होते. चौकोन जोडून नियंत्रण प्रणाली उभारण्याच्या ‘सिम्युलिंक’ला तोडीस तोड मोफत पर्याय मात्र नाही, हे मान्य करायला हवे.

उत्तर चुकले तर?

फुकटातल्या सॉफ्टवेअरच्या उत्तरावर सही कशी करायची, असा आक्षेप ज्येष्ठ अभियंते घेतात. तो गैर नाही. परंतु विकतच्या सॉफ्टवेअरचा करार वाचला तर तेथेही कंपनीने आपली जबाबदारी बेताचीच ठेवलेली आढळते. सही अभियंत्याची, म्हणून जबाबदारीही त्याचीच. भार-ताणाचे विश्लेषण करणारे ‘कॅल्क्युलिक्स’ म्युनिकच्या विमान इंजिन कंपनीतील अभियंत्यांनी घडवले. ‘कोड ॲस्टर’ फ्रान्सच्या सरकारी वीज कंपनीने १९८९ पासून स्वतःच्या कामासाठी उभारले आणि २००१ मध्ये खुले केले. आळशी किंवा हौशी लोकांचे हे उद्योग नव्हेत. तरीही पडताळा घ्यावाच लागतो.

ज्या कार्यालयांना बदल करायचा आहे, त्यांनी चालू काम मोफत साधनावर नेऊ नये. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असे पूर्ण झालेले एखादे जुने काम घ्यावे, ते नव्या साधनात पहिल्यापासून करावे आणि आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. फरक दिसला तर बहुधा तो एककांत, गृहीतकांत किंवा आधारांच्या अटींत सापडतो. दरम्यान, कोणतेही सॉफ्टवेअर वापरले तरी काम संपल्यावर मूळ फाइलीसोबत द्विमितीय नकाशाची डीएक्सएफ, त्रिमितीय आराखड्याची स्टेप आणि छापील स्वरूपाची पीडीएफ अशा प्रती वेगळ्या ठेवाव्यात. याला काही मिनिटे लागतात आणि वर्गणी संपण्यापूर्वीच ते करणे भाग असते.