घोड्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी

चेणे हे मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीतलं, घोडबंदर रस्त्यावरचं गाव. एका अंगाला उल्हास नदीची खाडी, दुसऱ्या अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. शेजारच्या घोडबंदरला पोर्तुगीजांच्या काळी अरबी घोडे उतरत, असं सांगतात. आज या भागाचं घोड्याशी खरं नातं आहे ते सर्पदंशावरच्या लसीतून. जंगलाकडेच्या पाड्यावर कुणाला साप चावला, तर रुग्णालयात शिरेतून जी लस देतात, तिच्यातली प्रतिपिंडं घोड्याच्या पांढऱ्या पेशींनी घडवलेली असतात. या पेशी एकदा तरी भिंगाखाली पाहाव्यात अशा आहेत.

घोड्याचं रक्त मानेच्या शिरेतून काढतात. थेंबभर रक्त काचपट्टीवर पातळ पसरायचं, वाळवायचं आणि वर लेशमनचा रंग घालायचा. विल्यम लेशमनने 1901 साली सांगितलेली ही पद्धत आपल्याकडच्या प्रयोगशाळांत अजून रोजच्या वापरात आहे. मग तेलाचा थेंब टाकून शंभरपटीचं भिंग लावायचं. आधी दिसतात त्या तांबड्या पेशी, एकीवर एक चढून झालेल्या त्यांच्या चळती. माणसात अशा चळती ठळक दिसल्या तर डॉक्टर आजार शोधू लागतात. घोड्यात त्या नेहमीच्याच. त्यांच्या मधूनमधून पांढऱ्या पेशी असतात. निरोगी घोड्याच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण साडेपाच ते बारा हजार भरतात.

त्यांत निम्म्याहून थोड्या जास्त न्यूट्रोफिल. माणसाच्या न्यूट्रोफिलमध्ये केंद्रकाच्या पाकळ्या बारीक धाग्याने जोडलेल्या दिसतात. घोड्यात असा धागा क्वचितच सापडतो. केंद्रक सलग, वळणावळणाचं, कडा खडबडीत आणि आत गडद गुठळ्या. माणसाच्या रक्ताची सवय झालेला तंत्रज्ञ तिला कच्ची पेशी समजण्याचा संभव असतो.

घोड्याच्या पोटशूळात ही पेशी फार मोलाची साक्ष देते. आतड्याचं अस्तर दुखावलं की आतल्या जिवाणूंचं विष रक्तात शिरतं. न्यूट्रोफिल रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात, उतींत शिरतात आणि काही तासांतच रक्तातली त्यांची संख्या घसरते. उरलेल्यांचं पेशीद्रव निळसर होतं, त्यात पोकळ बुडबुडे आणि निळे-करडे डाग दिसू लागतात. यंत्र आकडा देतं, पण पेशीचं हे बिघडलेलं रूप डोळ्यांनीच पाहावं लागतं. म्हणून घोड्याच्या बाबतीत नुसत्या छापील रिपोर्टवर विसंबू नये, असं माझं ठाम मत आहे. शिवाय नमुना घेताना घोडा बुजलेला असेल तर आकडाही फसवतो. ॲड्रिनॅलिनमुळे भिंतींना टेकलेल्या पेशी प्रवाहात येतात, लिम्फोसाइट वाढलेल्या दिसतात. प्लीहा आकसून तांबड्या पेशीही रक्तात ओतते.

देखणी म्हणाल तर इओसिनोफिल. 1879 साली पॉल एर्लिखने इओसिन हा रंग वापरून ती ओळखली आणि तिला नाव दिलं. घोड्यात तिचे कण इतके मोठे, गोल आणि नारिंगी-गुलाबी असतात की पेशी डाळिंबाच्या दाण्यांनी गच्च भरल्यासारखी दिसते. केंद्रक पार कडेला ढकललेलं. प्राण्यांच्या रक्ताच्या पट्ट्या मिसळून ठेवल्या, तरी या एका पेशीवरून घोडा ओळखता यावा! जांभळ्या कणांची बेसोफिल शेकडो पेशींत एखादी. मोनोसाइट आकाराने सर्वांत मोठी, राखी-निळी, बहुतेकदा वालाच्या आकाराचं केंद्रक असलेली.

मुंबईत घोड्याच्या रक्ताचा अभ्यास जुना आहे. परळचं पशुवैद्यक महाविद्यालय 1886 साली उभं करणारे जॉन हेन्री स्टील यांनी त्याआधीच्या वर्षी ब्रह्मदेशात खेचरांच्या रक्तात सुर्रा रोगाचा परजीवी पाहिला होता. परळमध्येच पुढे हाफकिन संस्था आली. तिच्यातून 1975 साली वेगळ्या झालेल्या हाफकिन जीव-औषध महामंडळाने पिंपरीत घोडे ठेवून सर्पदंशावरची लस बनवली.

या लसीमागे आहे ती लिम्फोसाइट. पट्टीवर ती अगदी साधी: गोल गडद केंद्रक, भोवती निळसर पेशीद्रवाची चिंचोळी कड. घोड्याला विषाची अतिशय लहान मात्रा टोचत, काही आठवडे ती वाढवत नेतात. विष ओळखणाऱ्या बी-लिम्फोसाइट प्लीहेत आणि लसीका ग्रंथींत वाढतात, त्यांच्या प्लाझ्मा पेशी होतात. ही पेशी रक्तात सहसा भेटत नाही. तिचं केंद्रक एका बाजूला सरकलेलं, पेशीद्रव गर्द निळं आणि केंद्रकालगत एक फिका पट्टा. त्या फिक्या जागी गॉल्जी पिंड असतो. तयार प्रतिपिंडं तिथून बाहेर धाडली जातात.

मग घोड्याचं रक्त काढून प्लाझ्मा वेगळा करतात. आताच्या पद्धतीत पेशी त्याच घोड्याला परत देतात, म्हणजे तो अशक्त होत नाही. प्रतिपिंडं पेप्सिनने कापून शुद्ध केली जातात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर मिळून ही एकच लस चालते. हिरव्या चापड्याचं विष मात्र तिच्यात धरलेलं नाही. आणि कितीही शुद्ध केलं तरी प्रथिन घोड्याचंच. काही रुग्णांचं शरीर ते परकं मानून पेटून उठतं, अंगावर गांधी येतात, श्वास कोंडतो. त्यामुळे ही लस ॲड्रिनॅलिन हाताशी असलेल्या रुग्णालयातच घ्यायची असते.